प्रवास थांबलाय, प्रवासाची कार्डं ठेवायची का?

प्रश्न: मी मुलुंडला राहतो, वय 52. एका औषध कंपनीच्या विक्री विभागात आहे. पूर्वी दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद अशी सतत ये-जा असायची, मधूनच सिंगापूर किंवा दुबईही व्हायचं. आईला पक्षाघात झाल्यापासून फिरतीचं काम सोडून ऑफिसातलं काम मागून घेतलं. पत्नीचीही नोकरी आहे, त्यामुळे एक रात्रसुद्धा बाहेर राहता येत नाही. माझ्याकडे तीन क्रेडिट कार्डं आहेत. पहिलं खास प्रवासाचं : वार्षिक फी 10,000 रुपये, लिमिट 4 लाख. दुसरं एका विमान कंपनीच्या नावाचं : फी 3,000, लिमिट 3 लाख. तिसरं पगाराच्या बँकेचं, 2011 पासूनचं : फी नाही, लिमिट दीड लाख. औषधं, आईचे डायपर, किराणा, बिलं मिळून कार्डांवर महिन्याला साधारण 45,000 खर्च होतात. पहिल्या कार्डावर 22,000 पॉइंट पडून आहेत. पुढच्या महिन्यात दोन्ही कार्डांची फी लागेल. मुलगी बारावीत आहे, पुढे शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. मित्र म्हणतात, कार्ड बंद केलंस तर सिबिल पडेल. आणि खरं सांगायचं तर बंद करायचा फोन लावायला हात धजत नाही. आता आपण कुठे जाणारच नाही, असं आपणच लिहून दिल्यासारखं वाटतं.
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण अडलंय ते तिथेच. बँकेच्या कार्ड विभागात मी बरीच वर्षं काढली. कार्ड बंद करायला आलेली माणसं काउंटरवर घुटमळताना पाहिली आहेत. कुणाची बदली झालेली असायची, कुणी निवृत्त झालेलं, कुणाच्या घरी आजारपण. एक गोष्ट त्यांना सांगायचे, तीच तुम्हालाही सांगते. फी पुढच्या बारा महिन्यांची असते. तुम्ही आजवर केलेल्या प्रवासाशी तिचा संबंध नाही आणि पुढे कधीतरी कराल त्याच्याशीही नाही. पुढचे बारा महिने तुम्ही आईजवळ असणार आहात. हे तुम्ही ठरवलंय आणि योग्यच ठरवलंय. मग त्या बारा महिन्यांत हे कार्ड तुमच्या घराला काय देणार, एवढंच बघायचं.

फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 10,000 चे 11,800 आणि 3,000 चे 3,540. दोन्ही मिळून 15,340 रुपये. त्याच्या बदल्यात विमानतळावरचं लाउंज, जिथे तुम्ही जाणार नाही. तिकिटावरचे जादा पॉइंट, जे तिकीट तुम्ही काढणार नाही. परदेशातल्या खर्चावर कमी मार्कअप, म्हणजे बँक लावते ते जादा शुल्क, जो खर्च होणार नाही. विमान अपघाताचा विमाही बहुतेक कार्डांवर तिकीट त्याच कार्डाने काढलं असेल तरच लागू होतो. लाउंजचं तर आता असं झालंय की आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट 2023-24 पासून एकामागून एक बँकांनी घातली. उद्या अचानक जावं लागलं तरी ते दार उघडेलच असं नाही. याच 15,340 रुपयांत रुग्णसेवा ब्युरोकडून आईंसाठी दिवसाची बाई ठेवलीत तर जवळपास पंधरवडा निघेल आणि तुम्हाला आणि वहिनींना जरा श्वास घेता येईल. मला विचाराल तर हे पैसे तिकडे जायला हवेत.

आता सिबिल, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून मिळणारा क्रेडिट स्कोअर. मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कार्ड बंद केलं म्हणून शिक्षा होते असं नाही. फरक पडतो तो वापराच्या प्रमाणात, म्हणजे एकूण लिमिटपैकी किती वापरता त्यात. आज तुमचं एकूण लिमिट साडेआठ लाख आहे आणि वापर 45,000, म्हणजे साधारण 5 टक्के. दोन्ही कार्डं बंद केलीत तर लिमिट उरतं दीड लाख आणि तेच 45,000 होतात 30 टक्के. तीसच्या आत राहावं असा सर्वसाधारण संकेत आहे. एखाद्या महिन्यात आईच्या तपासण्या निघाल्या की तुम्ही तो ओलांडणार. मुलीच्या कर्जात सहकर्जदार म्हणून तुमचं नाव लागेल, तेव्हा बँक तुमचाच रिपोर्ट काढणार. म्हणून दोन्ही कार्डं एकदम बंद करू नका.

विमान कंपनीचं कार्ड बंद करा. त्या एका कंपनीने उडालात तरच त्याचा उपयोग, आणि अशा कार्डाचं भवितव्य बँकेच्याही हातात नसतं. जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये जमिनीवर बसली. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. दोन्हींच्या नावाची कार्डं मुंबईत हजारो लोकांच्या पाकिटात होती आणि ज्यासाठी ती घेतली ते त्यांच्या डोळ्यांदेखत बदललं. बसल्या जागी अशा कार्डाला साडेतीन हजार देण्यात अर्थ नाही.

10,000 वालं कार्ड मात्र बंद करू नका, खाली उतरवा. कस्टमर केअरला फोन करून म्हणा, ‘मला हे कार्ड डाउनग्रेड करायचंय. तुमच्याकडे लाइफटाइम फ्री कुठलं आहे? लिमिट आहे तेवढंच राहील ना?’ समोरचा आधी फी माफीची गोष्ट काढेल. वर्षाला अमुक लाख खर्च करा, फी परत करू. तुमचा खर्च वर्षाला 5 लाख 40 हजार होतो. अट त्याच्या आत असेल आणि एकाच कार्डावर सगळा खर्च नेऊन ती सहज पुरी होत असेल तर कार्ड खुशाल ठेवा. अट आठ लाखांची असेल तर नको म्हणा. 11,800 वाचवायला अडीच लाखांचा जादा खर्च कोणी करायचा! एखादी बँक या वर्षाची फी बिनशर्त माफ करते. केली तर घ्या आणि पुढच्या वर्षीची तारीख मोबाइलमध्ये घालून ठेवा. डाउनग्रेड होऊन 4 लाखांचं लिमिट टिकलं तर तुमचं एकूण लिमिट साडेपाच लाख राहील आणि वापर 8 टक्के. कर्जाच्या वेळी हे उत्तम. डाउनग्रेडला नकारच मिळाला तर आधी पगाराच्या बँकेकडून जुन्या कार्डाचं लिमिट वाढवून घ्या आणि मगच हे बंद करा.

2011 च्या कार्डाला अजिबात हात लावू नका. पंधराएक वर्षांची वेळेवर परतफेड त्याच्यावर नोंदली गेली आहे आणि त्याला पैसाही पडत नाही.

22,000 पॉइंट मात्र फोन लावण्याआधी वापरून टाका. कार्ड बंद झाल्यावर ते बहुधा बुडतात आणि डाउनग्रेडमध्ये टिकतील की नाही हे बँकेगणिक बदलतं. विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठीच्या पॉइंटांत, बदलले तर किंमत जास्त दिसते, पण माइल्सना मुदत असते आणि तुमचा प्रवास ठरलेला नाही. पॉइंटला 25 पैसे धरले तरी साडेपाच हजार रुपये होतात. किराण्याचं किंवा औषधांच्या दुकानाचं व्हाउचर घ्या. प्रवासाच्या पॉइंटांतून डायपर आणायचे, याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच खर्चातून ते जमले आहेत.

बंद करायच्या कार्डावर काय काय लावून ठेवलंय ते तपासा. महावितरणचं बिल, मोबाइल, ओटीटी, विम्याचा हप्ता. ही सगळी ऑटो-पे आधी दुसऱ्या कार्डावर न्या. विम्याचा हप्ता चुकला तर पॉलिसीच अडचणीत येते. एखादी खरेदी ईएमआयवर चालू असेल तर बाकी रक्कम एकदम भरावी लागेल. मग शेवटचं बिल पुरतं फेडा आणि फी लागायच्या आत अर्ज करा, कारण लागलेली फी थकबाकीत धरली जाते आणि थकबाकी असताना कार्ड बंद होत नाही.

अर्ज ई-मेलने किंवा अ‍ॅपमधून करा, म्हणजे तारीख राहते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. उशीर झाला तर बँकेने तुम्हाला दर दिवसामागे 500 रुपये द्यायचे असतात. अर्ज पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. फोनवरचा माणूस अडवू लागला तर हा नियम शांतपणे सांगा. सूर बदलतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. कार्ड बंद झाल्याचं लेखी मागून घ्या. दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून कार्डापुढे ‘क्लोज्ड’ लागलंय का बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

राहिला पुढचा प्रवास. नोकरी आहे, परतफेडीचा इतिहास चोख आहे, अशा माणसाला बँका कार्ड द्यायला मागे लागतात. ज्या वर्षी पुन्हा बाहेर पडाल त्याच्या महिना-दीड महिना आधी अर्ज करा. तेव्हा बाजारात जे चांगलं असेल ते मिळेल. परदेशी खर्चावर मार्कअप न लावणारी बिनफीची कार्डं आजही आहेत. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: मुलाकडे टोरांटोला जायचं म्हणून मी एक क्रेडिट कार्ड घेतलं होतं, फी नाही. परत आल्यावर ते कपाटातच आहे. आता मेसेज आलाय की वर्षभर वापर नाही म्हणून कार्ड बंद होणार. काही दंड वगैरे होईल का? मुलगा म्हणतो, राहू दे.
– एक आजी, गिरगाव

उत्तर: आजी, दंड होत नाही. एक वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही तर बँकेने तुम्हाला कळवायचं आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही, थकबाकीही नसेल, तर कार्ड बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. कार्डात तुमचे काही पैसे जमा असतील तर ते तुमच्या बँक खात्यात परत येतात.

मुलाकडे पुन्हा जायचं मनात असेल तर ठेवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा बेस्टचं लाइट बिल त्यावर भरा आणि कार्डाचं बिल आलं की लगेच फेडा. तोवर बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशी व्यवहार बंद करून ठेवा. ते बटण चालू-बंद करायची सोय प्रत्येक बँकेने द्यायचीच असते. जायच्या आदल्या दिवशी चालू करा.

एक मात्र नक्की करा. त्या मेसेजमध्ये लिंक असेल तर ती दाबू नका. ‘कार्ड बंद होणार’ म्हणून घाबरवून ओटीपी काढून घेणारे मेसेजही अगदी असेच दिसतात. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून विचारा, नाहीतर कार्ड घेऊन सरळ शाखेत जा.