जुना वॉलपेपर आणि लाकडी पट्टी भिंत खराब न करता कशी काढायची?

आधी पट्टी, मग कागद. पट्टी आणि भिंतीच्या सांध्यावर कटर फिरवा, नाहीतर पट्टीबरोबर रंगही सोलून येतो. मग पटाशीने हळूहळू उचकटा. पटाशीमागे प्लायचा तुकडा ठेवला की प्लास्टर फुटत नाही.

विनाइल (प्लास्टिकचा थर असलेल्या) वॉलपेपरचा वरचा थर कोपऱ्यातून ओढला की बहुतेकदा कोरडाच निघतो. खालचा कागद मात्र चिवट. त्यावर स्पंजने कोमट पाणी लावा, 10-15 मिनिटं थांबा आणि पुट्टीच्या पत्र्याने खरवडा. भिंतीवर पीओपी असेल तर पाणी बेतानेच, ते भिजून मऊ पडतं. स्विचबोर्डाजवळ काम करताना एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद ठेवा.

उरलेली खळ धुऊन भिंत पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर मारू नका. मी घाईत मारला होता. महिन्याभरात रंगाचे पोपडे निघाले.