उजवा रकाना पूस

प्रिय बाळ,

सप्रेम आशीर्वाद. तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. डाव्या रकान्यात पुटिकांवरची, म्हणजे पेशीतल्या रसायनं साठवणाऱ्या इवल्या पिशव्यांवरची, प्रथिनं, उजव्यात एकेकाचं काम. कष्ट दिसतात. तरीही उजवा रकाना तू पुसावास असं मला वाटतं.

'सिनॅप्टोब्रेविन : पुटिका पेशीपटलाशी जोडणे' असं तू लिहिलं आहेस. त्यात चूक नाही. चार पदरांची वेणीच असते ती. एक पदर पुटिकेवरच्या सिनॅप्टोब्रेविनचा, समोरच्या पटलावरून सिन्टॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२५चे दोन. वेणी आवळत जाते तशी दोन्ही पटलं भिडतात, एकरूप होतात आणि पुटिकेतला ऐवज बाहेर पडतो.

आता धनुर्वाताकडे बघ. आपल्या भाषेनं हे नाव रोग्याच्या पाठीवरून ठेवलं, ती धनुष्यासारखी ताणली जाते म्हणून. इटलीत पाडुआला स्क्याव्हो, मोंतेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवलं की धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेविन कापतं, ७६व्या आणि ७७व्या अमिनो आम्लांच्या मधोमध. बोट्युलिनम या जिवाणूचं बी प्रकारचं विषही नेमकं तिथंच कापतं. पण त्या विषानं माणूस ताठ होत नाही, लुळा पडतो. प्रथिन तेच, कापण्याची जागा तीच, आणि रोग एकमेकांच्या उलट! बोट्युलिनमचं विष स्नायूजवळच्या चेतातंतूच्या टोकाशीच थांबतं, तिथून अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटत नाही, स्नायूला निरोपच मिळत नाही. धनुर्वाताचं विष त्याच तंतूतून उलटं वर चढून मज्जारज्जूत जातं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींच्या पुटिका बंद पाडतं. आवर गेला की स्नायू आखडतात. तुझ्या रकान्यातल्या एका ओळीत हे दोन्ही कसे मावणार? म्हणून प्रथिनाचं काम विचारण्याआधी पेशी कुठली ते विचार.

दुसरा प्रश्न : ते प्रथिन काढून घेतलं तर मागे काय उरतं? सिनॅप्टोटॅग्मिन-१, म्हणजे पुटिकेवरचं कॅल्शियम ओळखणारं प्रथिन, नसलेले उंदीर १९९४ साली तयार झाले. ते जन्मानंतर दोन दिवसांत दगावतात. स्राव मुळातच बंद पडला असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या चेतापेशींतून रसायन सुटतच होतं, पण संथपणे, विस्कळीत. कॅल्शियम आत शिरताच एका झटक्यात सुटण्याचा भाग तेवढा नाहीसा झाला होता. नियंत्रित स्रावातला 'नियंत्रित' हा शब्द मला त्या उंदरांच्या स्रावाच्या आलेखांनी शिकवला. पुटिका तयार होऊन पटलाशी थांबलेली असते, आणि तिला नेमक्या क्षणी सोडणं हीच अवघड गोष्ट आहे. कॉम्प्लेक्सिन, मंक-१३ वगैरे या कामातल्या इतर प्रथिनांचा अभ्यास तू याच अंगानं कर. त्यांची यादी पाठ करण्यात काही नाही.

आता तुझ्या बीटा पेशी, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या. इन्सुलिनच्या पुटिकांवरही सिनॅप्टोब्रेविन-२ असतं, म्हणून विष वापरायचं तू ठरवलंस ते योग्यच. मात्र धनुर्वाताचं विष चेतापेशींत शिरतं तसं या पेशींत आपणहून शिरत नाही. मी तुझ्या वयात पेशी वाढवायच्या द्रवात नुसतं विष टाकून चार महिने वाट पाहिली आणि इन्सुलिनला हे प्रथिन लागत नाही असा निष्कर्ष वहीत लिहिला. विष आत पोचलं का, हे तपासलंच नव्हतं. ते चार महिने मला अजून सलतात. तू विषाच्या कापणाऱ्या भागाचा, लाइट चेनचा, जनुकच पेशीत घाल. सोबत कापू न शकणारा बदललेला जनुकही चालव, नाहीतर परकं प्रथिन लादल्याचा परिणाम कुठला आणि कापण्याचा कुठला हे कळणार नाही. स्राव अर्धवटच घटला तर निराश होऊ नकोस. व्हॅम्प-८ हे त्याच घराण्यातलं प्रथिन या विषाला दाद देत नाही, आणि बीटा पेशीत तेही आहे. पेशींतलं एकूण इन्सुलिन मात्र दरवेळी मोज. साठाच कमी झाला असेल तर स्राव घटल्याचं दिसेल आणि दोष भलत्याच प्रथिनावर जाईल.

पहिला ब्लॉट, म्हणजे प्रथिन कापलं गेलं का हे पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी, झाला की फोटो पाठव, न कापलेल्या प्रथिनाच्या पट्टीसकट. इन्सुलिनचे आकडे मी त्यानंतरच बघेन.

तुझा,
सर