मृत्युपत्रातून रुग्णालयाला देणगी : वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

प्रश्न : माझे वय 71 असून मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या यजमानांवर मुंबईच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाचे उपचार झाले होते. तेथे मिळालेली वागणूक मी विसरू शकत नाही, म्हणून माझ्या पश्चात काही रक्कम त्या रुग्णालयाला मिळावी अशी इच्छा आहे. स्वतःच्या पगारातून घेतलेला एक फ्लॅट आणि बँकेतील काही मुदतठेवी एवढीच माझी मालमत्ता आहे. दोन्ही मुलगे आपापल्या संसारात सुखी आहेत. त्यांना मी अद्याप काही सांगितलेले नाही. साध्या कागदावर स्वतः मृत्युपत्र लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालेल. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे आपली सही आणि ती सही होताना पाहिलेल्या, किंवा ती आपली असल्याचे आपल्या तोंडून ऐकलेल्या, किमान दोन साक्षीदारांच्या आपल्यासमक्ष केलेल्या सह्या एवढे पुरेसे आहे. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे अशा कोणालाही, म्हणजे मुलांना, सुनांना किंवा त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना, साक्षीदार करू नये. नोंदणी ऐच्छिक असली तरी आपल्या बाबतीत मी ती करून घ्यावी असेच सुचवीन, कारण कुटुंबाबाहेर काही जात असेल तेव्हा कागदाकडे अधिक संशयाने पाहिले जाते.

फ्लॅट आणि ठेवी आपल्या स्वकष्टार्जित असल्याने त्यांची विल्हेवाट लावण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मुलांनी हरकत घेतलीच तर ती बहुधा ‘आईची मनःस्थिती ठीक नव्हती’ किंवा ‘तिला कोणीतरी भरीस घातले’ अशा स्वरूपाची असते. सहीच्या दिवशीच घेतलेले, आपण शुद्धीत व समजून-उमजून सही करीत आहात असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र अशा वेळी फार उपयोगी पडते. तो डॉक्टरच साक्षीदार झाला तर उत्तम. तरीही यापेक्षा मोठा उपाय म्हणजे मुलांना आताच सांगणे. माझ्या अनुभवात वाद रकमेवरून क्वचितच होतात. आईने आपल्याला न विचारता परस्पर ठरवले, हा सल मात्र वर्षानुवर्षे कोर्टात चालतो.

आता मुख्य गोष्ट. आपण ‘टाटा रुग्णालय’ असे लिहिले आहे आणि मृत्युपत्रातही तसेच लिहाल, अशी मला भीती वाटते. बोलण्यात सगळे तसेच म्हणतात. परंतु परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले असले, तरी 1962 पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. टाटांच्या नावाचे ट्रस्ट वेगळे आहेत आणि कोलकात्यात टाटा मेडिकल सेंटर ही आणखी निराळी संस्था आहे. ‘केईएम’चेही तसेच : मुंबईचे महापालिकेचे, तर पुण्याचे विश्वस्त संस्थेचे. ‘आनंदवनाला’ असे लिहिणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावे की बाबा आमटे यांनी 1949 मध्ये स्थापन केलेल्या मूळ संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती, वरोरा असे आहे. नाव अर्धवट असले म्हणून देणगी लगेच रद्द होते असे नाही. आपला हेतू काय होता याचा शोध न्यायालय घेतेच. पण तो शोध घेताना आपण उत्तर द्यायला नसता. म्हणून रुग्णालयाच्या देणगी विभागाकडून संस्थेचे नोंदलेले पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन लेखी मागवून घ्या व ते जसेच्या तसे उतरवा. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांकही लिहावा.

दुसरा घोळ ठेवींच्या बाबतीत होतो. एका गृहस्थांनी ‘अमुक बँकेतील अमुक क्रमांकाच्या पावतीची रक्कम’ एका नेत्ररुग्णालयाला लिहून दिली होती. पुढे मुदत संपली, त्यांनी ते पैसे जास्त व्याजासाठी दुसऱ्या बँकेत ठेवले आणि मृत्युपत्र बदलायचे राहून गेले. त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्या क्रमांकाची पावतीच अस्तित्वात नव्हती. नेमून दिलेली वस्तू मृत्यूसमयी मालमत्तेत उरली नसेल तर ते दान संपुष्टात येते. तसेच झाले आणि रुग्णालयाला काही मिळाले नाही. ठरावीक आकडा लिहावा, तर पाच लाखांचे मोल पंधरा वर्षांनी काय राहील हे आपण जाणताच. त्यामुळे देणी, अंत्यविधी व इतर खर्च भागवून जी मालमत्ता उरेल तिचा अमुक टक्के हिस्सा, अशी रचना मला सर्वांत सुरक्षित वाटते. मालमत्ता वाढली तर संस्थेचे आणि मुलांचे, दोघांचेही वाढते, आजारपणात खर्च झाली तर दोघांचेही कमी होते, आणि मुलांनाही ते न्याय्य वाटते.

फ्लॅटमधून काही द्यायचे असेल तर फ्लॅट थेट संस्थेच्या नावे लिहू नये. महाराष्ट्रातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला आपली स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि तोवर बंद फ्लॅटचा मेंटेनन्स संस्थेलाच भरावा लागतो. त्याऐवजी आपण नेमलेल्या व्यवस्थापकाने, म्हणजे एक्झिक्युटरने, फ्लॅट विकून आलेल्या पैशांतून संस्थेचा हिस्सा द्यावा असे लिहिणे सोयीचे.

देणगीचा उद्देश लिहिताना हात थोडा सैल सोडावा. ‘फक्त अमुक यंत्रासाठी’ असे लिहिले आणि वीस वर्षांनी ते यंत्र कालबाह्य झाले तर पैसे अडकतात. त्यातून मार्ग काढता येतो. मूळ हेतूच्या जवळच्या कामासाठी रक्कम वापरण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, पण त्यासाठी संस्थेला न्यायालयात जावे लागते. ‘शक्यतो निर्धन रुग्णांच्या औषधोपचारासाठी, अन्यथा संस्थेच्या इतर वैद्यकीय कार्यासाठी’ हे वाक्य पुरे आहे.

प्रश्न : माझ्या सर्व ठेवींवर आणि शेअरवर मुलाचे नाव नॉमिनी म्हणून आहे. मग मृत्युपत्रात रुग्णालयाचा हिस्सा लिहून काय उपयोग?

उत्तर : उपयोग आहे. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. बँकेतील ठेवींबाबत 2010 मध्ये आणि शेअरबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले आहे. मात्र पैसे आधी मुलाच्या हातात पडतील आणि तेथून संस्थेकडे जायचे आहेत, हे लक्षात घेऊन व्यवस्थापक म्हणून त्याच्यावर अवलंबून नसलेली, शक्यतो आपल्याहून वयाने लहान व्यक्ती नेमावी.

प्रश्न : मृत्युपत्रातील देणगीवर आयकरात सवलत मिळते का?

उत्तर : नाही. देणगीवरील आयकर वजावट हयातीत दिलेल्या देणगीसाठी आहे आणि तीही जुन्या करप्रणालीत. दुसऱ्या बाजूने पाहता, मृत व्यक्तीच्या संपत्तीवरील कर आपल्याकडे 1985 मध्येच रद्द झाला आहे, त्यामुळे देणगी देऊन वाचवावा असा करही नाही. कर वाचवणे हाच हेतू असेल तर आजच धनादेश लिहावा.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती आहोत. धर्मादाय दान मृत्यूच्या किमान बारा महिने आधी लिहिलेले असावे लागते, असे माझे मामा सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : पूर्वी खरे होते. 1925 च्या अधिनियमातील कलम 118 मध्ये तशी अट होती आणि जवळचे नातेवाईक असणाऱ्यांना ती लागू होत असे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. मुस्लिम वाचकांनी मात्र वारसांच्या संमतीशिवाय, अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता, एकतृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : देहदान आणि नेत्रदानाची इच्छा मृत्युपत्रातच लिहून ठेवावी असा माझा विचार आहे. योग्य आहे ना?

उत्तर : हेतू योग्य आहे, पण जागा चुकीची आहे. मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर कपाटातून निघते, आणि नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. देहदानासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा संमतिअर्ज भरावा. प्रत्यक्षात देह सोपवताना नातेवाइकांची संमती लागतेच, तेव्हा त्यांना आधी राजी करावे. अर्जाची प्रत आणि नेत्रपेढीचा फोन नंबर घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी चिकटवून ठेवावा. माझ्या एका अशिलाने तो फ्रीजच्या दारावर लावला होता, आणि रात्री दोन वाजता त्यांच्या सुनेला तो तिथेच सापडला.