आरशाचा गंजलेला नट घरी कसा सोडवावा आणि नवा आरसा कसा बसवावा?

आपण लिहिले आहे की मोटारसायकलच्या उजव्या आरशाचा नट गंजून जाम झाला आहे, पाना घसरून त्याचे कोपरे गोल होऊ लागले आहेत आणि नवा आरसा तसाच पडून आहे. कृपया आणखी जोर लावू नका. आधी आटे सुलटे (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) आहेत की उलटे, हे पाहा. बहुतेक गाड्यांत आरशाच्या दांड्याला १० मिमीचे सुलटे आटे असतात, पण यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे समोरून धक्का बसला तर आरसा आवळला न जाता सैल होऊन फिरतो. अशा गाडीवर नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस नट सोडवत नसतो, घट्ट करत असतो. नव्या आरशाचे आटे समोर धरून पाहिले की शंका फिटते, अर्थात तो त्याच गाडीसाठी बनलेला असेल तर.

त्यानंतर तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज झाडा, गंज सोडवणारे तेल नटाच्या वर आणि खाली सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी नटाच्या सपाट बाजूंवर लहान हातोडीने हलके ठोके द्या. माझ्या गाडीवर पाचसहा ठोक्यांनंतर तेल तांबूस होऊन आट्यांतून वर आले, आणि ते दिसले तेव्हाच मी पाना लावला. नट आधी किंचित आवळून पाहावा, मग सोडवावा, कारण त्या एवढ्याशा हालचालीने गंजाची पकड तुटते.

आरशावरून नटापर्यंत जात असेल, तर सहा कोनांचा रिंग पानाच घ्या. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा पाना, दोनच बाजूंना धरतो आणि कोपरे त्यानेच जातात. कोपरे आधीच गेले असतील, तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू अर्धा-अर्धा मिलिमीटर घासून १४ च्या नटावर १३ चा फिक्स पाना घट्ट बसवता येतो. उष्णता द्यायचीच असेल तर गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळा. ज्योत नकोच, कारण तेल पेट घेते आणि डिस्क ब्रेकच्या गाडीवर ब्रेक ऑइलची टाकी आरसा ज्यात बसतो त्याच धारकाला जोडलेली असते.

नवा आरसा बसवताना आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या आणि दांडा पाच-सहा फेरे बोटांनीच फिरवा. दुसऱ्याच फेऱ्याला तो अडला, तर पाना न लावता बाहेर काढा, कारण आटे तिरपे बसत आहेत किंवा आट्यांचे अंतर वेगळे आहे, आणि धारक ॲल्युमिनियमचा असल्यामुळे त्याचे आटे पटकन जातात. गाडीवर बसून आरशाच्या आतल्या कडेला स्वतःचा खांदा जेमतेम दिसेल असा कोन ठरवा, मग दांडा एका हाताने स्थिर धरून खालचा लॉकनट, म्हणजे दांडा जागी धरून ठेवणारा नट, बेताने आवळा.