रंग सोडायचाय ताई, पण खर्च किती येईल?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्याची, वय 54, बँकेत आहे. चाळिशीपासून केसांना काळा कलर लावतेय, आधी घरीच लावायचे, आता सहा वर्षं झाली सलूनमध्ये जाते. दर चार आठवड्यांनी रूट टच-अपचे 1,100, वर्षातून दोनदा पूर्ण केसांना कलर 3,500, शिवाय कलरवाल्या केसांचा शाम्पू-कंडिशनर दर तीन महिन्यांना 1,200 चा. आता खरंच कंटाळा आलाय. तीन आठवडे झाले की भांगात पांढरा पट्टा दिसायला लागतो आणि मग बारसं, लग्न, मीटिंग सगळं त्या पट्ट्याकडे बघून ठरतं. सलूनवाली म्हणते एका दिवसात सिल्व्हर करून देते, 22,000 प्लस टॅक्स. केस खांद्याखाली चार बोटं आहेत. सासूबाई म्हणतात आजारी दिसशील. एवढे पैसे घालावेत का?

उत्तर : ताई, आधी आत्ताचा हिशोब मांडूया कारण तो बहुतेक जणी कधी मांडतच नाहीत, महिन्याला हजार-अकराशे म्हणून सोडून देतात. दर चार आठवड्यांनी म्हणजे वर्षात 13 टच-अप, त्याचे 14,300. दोनदा पूर्ण कलर 7,000. शाम्पू-कंडिशनर 4,800. झाले 26,100, दर वर्षी. सहा वर्षांपूर्वी भाव थोडे कमी असतील, तरी आजवर लाखाच्या वर गेलेत. हे मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीये, लावायचा तर लावावा कलर, पण 22,000 जास्त की कमी हे या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

आता मुद्द्याचं. पांढरे केस वाढायला एक पैसा लागत नाही, ते आपोआप वाढतायत, तुम्ही झोपलात तरी वाढतायत. पैसे लागतात ते फक्त वरचा पांढरा आणि खालचा काळा यांच्यामधली रेष लपवायला. ती रेष तुम्हाला किती महिने सहन होईल त्यावर सगळा खर्च ठरतो, बाकी कशावर नाही.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, कुणाचे थोडे कमी कुणाचे जास्त. तुमचे टाळूपासून टोकापर्यंत 40 सेंटीमीटर धरले तर काही न करता नुसतं वाढू दिलं तर 32 महिने. हनुवटीपर्यंतचा बॉब केला, 25 सेंटीमीटर, तर 20 महिने. आणि सहा महिने थांबून सरळ बॉय कट केला तर तिथेच विषय संपला. म्हणजे कात्री जितकी वर जाईल तितके महिने कमी आणि तितकाच खर्च कमी. लांब केस ठेवून लवकर सुटायचं असेल तरच सलूनला मोठे पैसे द्यावे लागतात.

एका दिवसात सिल्व्हर हे ऐकायला फार छान वाटतं मला माहितीये. 2020 च्या ऑस्करला हॉलिवूडच्या अभिनेत्री जेन फोंडा अचानक चंदेरी केसांत आल्या, जॅक मार्टिन नावाच्या कलरिस्टनं ते एका दिवसात केलं होतं, सात तास लागले, आणि तेव्हापासून जगभर बायका तसे फोटो घेऊन सलूनमध्ये जातात. पण बघा, त्यांचे केस आधी ब्लाँड रंगाचे होते आणि कापून आखूड केलेले होते. आपल्याकडे वर्षानुवर्षांचा काळा असतो, थरावर थर. तो नवा रंग लावून फिका होत नाही, रंगावर रंग कधी उजळत नाही, तो ब्लीचनंच काढावा लागतो, आणि ब्लीच केल्यावर काळा सरळ पांढरा होत नाही, आधी लाल, मग केशरी, मग पिवळा, आणि त्या फिक्या पिवळ्यावर टोनर, म्हणजे पिवळेपणा झाकणारा हलका तात्पुरता रंग, लावला की सिल्व्हर. असा थरावर थर बसलेला काळा एका बैठकीत तिथपर्यंत पोचेलच असं नाही. मधेच केशरीवर अडकला तर दुसरी बैठक, आणि ती घाईनं केली तर केस जातात. मी बावीस वर्षं पार्लर चालवलं, एका आठवड्यात दोनदा ब्लीच करून आलेल्या एक बाई आठवतात, ओले केस रबरासारखे ताणले जायचे आणि मानेजवळचे तर हातात यायचे. त्यांचा पुढचा सगळा खर्च कापण्यावर आणि रडण्यावर गेला. फार वाईट वाटलं होतं मला.

कधी मेंदी लावली असेल तर ती आधी सांगा, दोन वर्षांपूर्वीची असली तरी सांगा. खरी मेंदी धुतली जात नाही, आणि मेंदीवर नीळ, म्हणजे इंडिगोची पावडर, लावून काळे केलेले केस ब्लीच केले की हिरवट पडू शकतात. बाजारातल्या काही मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच म्हणजे केस अक्षरशः गरम होतात. कुठल्याही चांगल्या सलूननं पूर्ण डोक्याला हात लावण्याआधी मागची एक बारीक बट करून दाखवली पाहिजे, नाही म्हणाले तर तिथून उठा.

आणखी एक गोष्ट, जी सलूनवाली सांगणार नाही कारण तिला दिसतच नाही. तुमच्या मूळ केसांत पांढरं नेमकं किती आहे? भांगात आणि कानशिलावर भरपूर असतं, पण डोक्याच्या मागच्या बाजूला पन्नाशीनंतरही बरंच काळं असतं. सगळं डोकं सिल्व्हर करून घेतलंत आणि मागून आपला काळा उगवला तर? मग परत दर महिन्याला टच-अप, फक्त रंग बदलला. आजवर पांढरी मुळं लपवत होतात, आता काळी लपवाल. म्हणून काही ठरवायच्या आधी आठ-दहा आठवडे काहीही लावू नका, दोन-अडीच सेंटीमीटर वाढू द्या, आणि मुलीला किंवा मैत्रिणीला मागून फोटो काढायला सांगा. हे फुकट आहे आणि यानंच अर्धा निर्णय होतो.

तरी 22,000 चा हिशोब करतेच. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवर जीएसटी 18 टक्क्यांचा 5 टक्के झालाय, तेव्हा बिलात 23,100 च यायला पाहिजेत, बघून घ्या. पण टोनर टिकत नाही, पाच-सहा आठवड्यांत पिवळट दिसायला लागतं, तो परत लावायचा. तुमच्या सलूनचा टोनरचा भाव विचारा, मी 2,000 धरते, वर्षात आठ वेळा म्हणजे 16,000. ब्लीच झालेल्या केसांना मास्क वगैरे लागणारच, 4,000 धरा. पहिल्या वर्षाचे 43,100 झाले, दुसरी बैठक लागली नाही तर. आणि सोडायचं होतं ते 26,100 वालं!

बॉबचा रस्ता बघा. पहिला कट 600, मग दर दोन महिन्यांनी टोकं कापायचे 500, वीस महिन्यांत दहा वेळा म्हणजे 5,000, पांढऱ्या केसांचा पिवळेपणा घालवणारा जांभळा शाम्पू 600 ची बाटली चार महिने पुरते तर पाच बाटल्या 3,000. एकूण 8,600, वीस महिन्यांचे मिळून, कलरवाला शाम्पू सोडून. तेवढ्याच वीस महिन्यांत कलरवर, शाम्पूसकट, तुमचे 43,500 गेले असते.

मधला मार्ग पण आहे, ज्यांना रेष अगदीच सहन होत नाही त्यांच्यासाठी. चेहऱ्याभोवती आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना अगदी बारीक बटा फिक्या करून घ्यायच्या, म्हणजे रेष एकदम तुटक होते, नजर अडखळत नाही. पूर्ण डोकं नाही, वर्षातून दोनदाच, आणि पुढे कापत कापत त्या निघून जातात. मला विचाराल तर बॉब अधिक हे, एवढंच करा, आणि 22,000 वाल्या पॅकेजला प्रेमानं नाही म्हणा.

पांढऱ्या केसांची काळजी तशी स्वस्त आहे. ते पिवळे पडतात, उन्हानं, बोअरच्या जड पाण्यानं, धुरानं, त्यासाठी जांभळा शाम्पू, पण आठवड्यातून एकदाच, रोज लावलात तर केस जांभळट दिसतील. हिरवी-लाल रंगीत तेलं बंद करा, साधं खोबरेल लावा. कलरवाला महागडा शाम्पू मात्र लगेच सोडू नका, खाली काळा आहे तोवर तो कामाचा आहे, तो काळा एकदम फिका लाल पडला तर रेष अजून उठून दिसते.

सासूबाईंचं म्हणणं अगदी खोटं नाही हो. काळा गेला की चेहऱ्याभोवतीची चौकट जाते आणि सुरुवातीला चेहरा फिका वाटतो. भुवया नीट ठेवा, काजळ घाला, फिक्या बिस्किटी रंगांच्या साड्या थोडे दिवस कपाटात राहू द्या, राणी, जांभळा, गडद हिरवा नेसा, केस लगेच उजळून दिसतात. आणि बँकेतलं विचाराल तर, कॅनडात लीसा लाफ्लाम म्हणून मोठ्या वृत्तनिवेदिका, करोनात 2020 ला त्यांनी कलर सोडला, 2022 मध्ये चॅनलनं त्यांना काढलं आणि केसांवरून केवढा गदारोळ झाला. कंपनी म्हणाली केसांचा काही संबंध नाही. तेव्हा ऑफिसात लोक बघतात हे खरंय, मी तुम्हाला कुणी काही बोलणार नाही असं खोटं सांगणार नाही. पण अर्धवट, विस्कटलेलं दिसलं की जास्त बोलतात, नीट कापलेल्या केसांना फारसं कुणी काही म्हणत नाही. म्हणून बचतीतले थोडे पैसे चांगल्या कटवर घाला, तिथे कंजूषी नको.

प्रश्न : नमस्कार ताई, मी सांगलीजवळ शाळेत शिक्षक आहे, वय 49. दहा वर्षं पाकिटातली काळी मेंदी केसांना आणि मिशीला लावतो, पाकीट स्वस्त पडतं. गेल्या दोन वेळेला कपाळाला खाज आली, यावेळी डोळ्याखाली सूज पण आली. बायको म्हणते बंद करा. बंद करायला काही खर्चिक उपाय लागतात का, शाळेत मुलं हसतील असं वाटतं.

उत्तर : सर, वहिनींचं ऐका, आजच. मेंदी काळी नसते, तिचा रंग केशरी-तांबूस येतो. ज्या पाकिटानं पंधरा-वीस मिनिटांत केस कुळकुळीत काळे होतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं केमिकल असतं, पॅराफेनिलीनडायअमिन, काळ्या डायमध्ये असतं तेच. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्याची अ‍ॅलर्जी एकदा बसली की ती जात नाही, दर वेळी वाढत जाते, आज डोळ्याखाली सूज आहे, उद्या डोळा बंद होईल. ब्रँड बदलून बघू, कमी वेळ ठेवून बघू, फक्त मिशीलाच लावू, यातलं काहीही करू नका. मिशी तर नाकाच्या आणि ओठांच्या एवढ्या जवळ!

त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा जा, रिकामं पाकीट सोबत न्या. हाच तुमचा खरा खर्च, एक-दोन वेळची फी आणि मलम. आणि ही अ‍ॅलर्जी आहे हे पुढे प्रत्येक डॉक्टरला, दाताच्या डॉक्टरलासुद्धा सांगत जा, कारण बधिर करायच्या काही औषधांनीही अशा लोकांना त्रास होऊ शकतो. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर वाट न बघता थेट दवाखाना.

केसांचं म्हणाल तर पुरुषांना हे सगळ्यात सोपं. तुमचे केस असतील चार-पाच सेंटीमीटर, बारीक कापत गेलात तर तीन कटिंगमध्ये काळा संपला. मिशी महिनाभर एकदम बारीक ठेवा किंवा सुट्टीत काढून टाका, नवी येईल ती जशी आहे तशी येईल. उन्हाळ्याची सुट्टी जवळ असेल तर तिथेच गाठा, जूनमध्ये मुलं तुम्हाला नव्यानंच बघतील. पहिले चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी गणिताचा पेपर असेल.

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न पाच महिन्यांवर आलंय (आम्ही नाशिकचे). कलर सोडायचं मनात पक्कं आहे पण फोटोत अर्धे पांढरे अर्धे काळे नकोत. लग्न होईपर्यंत थांबू का?

उत्तर : थांबायची काही गरज नाही, उलट आत्ता थांबलात तर पाच महिन्यांची वाढ फुकट जाईल. आज बंद केलंत तर लग्नापर्यंत सहा सेंटीमीटर आपले केस आलेले असतील. त्या दोन दिवसांसाठी रूट स्प्रे किंवा मुळांना लावायची पावडर मिळते, पाचशे-सातशेत, शाम्पूनं धुतली जाते. परमनंट कलर मात्र एकदासुद्धा लावू नका, "फक्त लग्नापुरता" म्हणून लावला की घड्याळ परत शून्यावर. स्प्रे आधी एकदा घरी मारून बघा, घाम आला की कपाळावर उतरतो का, पदराला लागतो का, हळदीच्या आदल्या दिवशी हे कळून उपयोग नाही. मधला सरळ भांग टाळा, बाजूचा नागमोडी पाडा. आणि जमलं तर लग्नाच्या आधी दोन महिने कट करून घ्या, म्हणजे तोवर तुम्हालाच सवय झालेली असेल आणि कोण जाणे, स्प्रे तसाच ड्रॉवरमध्ये राहील. मुलीला माझे आशीर्वाद सांगा.