नाताळची सुट्टी घरी काढायची असेल तर चोवीसला नको, वीसला पोचा

तुम्ही विचारलंय, "पुण्यात नोकरी करतो, घर वसईला. नाताळात आठवडाभर सुट्टी आहे. घरी जावं की मित्रांबरोबर गोव्याला? घरी गेलं की दोन दिवसांत बोलणं संपतं आणि मग चौघांचे चार मोबाइल." यातल्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. काही वर्षांपूर्वी ते वाक्य माझं होतं.

घरी जा. मात्र चोवीसच्या संध्याकाळी बॅग घेऊन उतरू नका. वीस तारखेला पोचा.

मीही वसईचाच. नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला निर्मळच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. घरामागे केळीची वाडी आणि विहीर. रहाट कधीच गेला, आता मोटर आहे. पुण्याला येऊन मला चौदा वर्षं झाली. पहिल्या ऑफिसात नाताळची एकच दिवस सुट्टी असायची. चोवीसला दुपारी निघायचो, द्रुतगती मार्गावर अडकायचो, रात्री आठला घरी. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, मग चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा. पंचवीसला जेवण, झोप, आले-गेले. सव्वीसला पहाटे परत. मी पोचायचो तेव्हा दारात तारा लागलेला असायचा, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा तयार, फराळाचे डबे भरलेले. खरं तर मी स्वतःच्याच घरी पाहुणा होतो, आणि पाहुण्याशी जेवढं बोलतात तेवढंच आईबाबा माझ्याशी बोलत होते.

मग नोकरी बदलली. नव्या ठिकाणी डिसेंबरचा शेवटचा आठवडा काम बंद असतं. त्यात दोन रजा जोडून २०१९ साली पहिल्यांदा मी वीसला घरी गेलो. आईने दार उघडलं आणि पहिला प्रश्न, "बरं नाही का रे तुला?"

दुसऱ्या दिवशी नाताळच्या फराळातले तळलेले गोड कुलकुल करायचे होते. आमच्याकडे मैद्याला तूप चोळतात, साखर, अंडी, चिमूटभर मीठ घालतात आणि पाण्याऐवजी नारळाच्या दाट दुधात पीठ घट्ट मळतात. ते ओल्या फडक्याखाली तासभर झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी घ्यायची, नव्या कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि एका कडेकडून गुंडाळत आणायची. शंखासारखी वळी होते, अंगावर बारीक रेघा. अंगठा जास्त दाबला तर पीठ दातांत अडकतं. कमी दाबला तर रेघा उठत नाहीत आणि तेलात पडल्यावर वळी सुटते. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस वळ्या आईने काही न बोलता मोडून परत गोळ्यात मिसळल्या.

तिने मैदा एक किलोच काढला होता. माझ्या लहानपणी तीन किलोचे कुलकुल व्हायचे. आजी, दोन्ही काकू, आत्या आणि आम्ही पोरं जमिनीवर जुनी साडी पसरून गोल बसायचो. मी विचारलं, "एवढाच?" ती म्हणाली, "वळणार कोण?" मग बोलता बोलता कळलं की चार वर्षं एकच किलो होतोय. तिचा अंगठा दुखतो. उरलेले कुलकुल ती गावातल्या एका बाईकडून विकत आणून डबा भरत होती. आणि चोवीसच्या रात्री आलेला मी तोच डबा उघडून "तुझ्या हाताची चव कुठेच नाही" म्हणत होतो. चार वर्षं.

बोलणं हे असं निघतं. समोरासमोर बसून "मग, काय चाललंय?" विचारलं की "ठीक"च्या पुढे गाडी जात नाही. हात कामात आणि नजर ताटावर असली की माणसं मोकळी होतात. मोबाइलचा प्रश्नही सुटतो, कारण बोटं पिठाने भरलेली असतात. त्या दुपारी आईने मला तिच्या माहेरच्या वाडीचे वाटे कसे पडले ते सांगितलं. आत्याचं ठरलेलं लग्न का मोडलं तेही सांगितलं. आजीची एक आठवण सांगितली. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, एक शब्द कळायचा नाही, तरी ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजल्या की तिला रडू यायचं. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मराठी मिस्सा आली. तेव्हा आजी म्हणाली होती, "आता देवाला माझं कळेल." आईने हे आजीच्या तोंडून असेच कुलकुल वळताना ऐकलेलं. मी सदतीस वर्षांचा होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

गोठा बाबांकडे. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी ते भाताचे दाणे भिजवून पत्र्याच्या झाकणांत माती घालून पेरतात. नाताळपर्यंत चार-पाच बोटं हिरवं रोप उभं राहतं, तेच गोठ्याभोवतीचं शेत. वाडीतल्या बांबूच्या कामट्या तासून ते ताराही घरीच करतात. बाजारात सगळं तयार मिळतं, पण बाबा आणत नाहीत आणि मी त्यांना आणा म्हणणार नाही. त्या वर्षी कामट्या बांधताना दोऱ्याचं टोक त्यांना सापडेना. दोनदा हात रिकामाच फिरला. मी दोरा धरला, त्यांनी गाठ मारली. ती गाठही भलतीकडे बसली. "डोळ्यांचं काय?" विचारलं तर "धूर आहे चुलीचा." चूल पेटलेलीच नव्हती. सव्वीसला मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, जानेवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. फोनवर हे मला कधीच कळलं नसतं. फोनवर बाबांचं सगळं उत्तम असतं.

तेवीसला फराळाची ताटं वाटायची असतात. हे काम मागून घ्या. केक, कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम नावाची दुधाची मिठाई, आमच्याकडे त्यात दोन सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळीही ठेवतात. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन घरोघर फिरलात की गावात कोण आजारी आहे, कोण बोटीवरून परतलंय, कुणाची वाडी विकली गेली, सगळं तासाभरात कळतं. आमच्या शेजारच्या काकूंकडून दिवाळीला फराळ येतो, त्यांच्या घरी नाताळचं पहिलं ताट जातं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. फिरंगी गेले, त्यांचा 'नाताळ' हा शब्द राहिला, आणि तो सण करणारी आमची माणसं मराठीच राहिली. काकूंच्या ओट्यावर बसून चहा पिताना मला हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त जाणवतं.

चोवीसच्या रात्रीपर्यंत गोठ्यातली गव्हाण रिकामी असते. मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव सगळे मांडलेले, मधे फक्त पेंढा. मिस्सेहून परतल्यावर घरातलं सगळ्यात लहान मूल बाळ येशूला तिथे ठेवतं. आमच्याकडे आता हे बहिणीची मुलगी करते. अर्धवट झोपेत, दोन्ही हातांची ओंजळ करून, मूर्ती पडू नये म्हणून श्वास रोखून ती चालते. तेवढी पाच-सहा पावलं घरात कुणी बोलत नाही. मग आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली छोटी प्रार्थना, गेलेल्यांची नावं, आणि रात्री दीड वाजता कॉफी-केक. तुमच्या घरी हे वेगळ्या तऱ्हेने होत असेल, पण या वर्षी त्या वेळी दमून झोपू नका.

पंचवीसचं मी वेगळं काय सांगू? मटण, वडे, पाहुणे, झोप. पुढचे दिवस सैल असतात आणि तुमची भीती बहुतेक त्याच दिवसांची आहे. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांत, थांबलेली लग्नं तेव्हा सुरू होतात, निदान एकाचं बोलावणं असतंच. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो, त्या मिस्सेला चौघं एका बाकावर बसा. एकतीसला गावातली पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून वर्षाचा म्हातारा करतात आणि मध्यरात्री जाळतात. त्यांना तुमचा फाटका शर्ट द्या. एखादी संध्याकाळ काहीच न करण्यात गेली तरी जाऊ द्या. बाबा आणि मी विहिरीच्या कठड्यावर तासभर गप्प बसतो आणि आता त्या गप्प बसण्याचं मला ओझं होत नाही.

भांडणं होतील. आई लग्नाचा विषय काढेल, बाबा नोकरीवरून टोचतील. माझंही तिसऱ्या दिवशी एकदा वाजतंच. रागावून परतीचं तिकीट अलीकडे ओढू नका, रात्रीच्या जेवणापर्यंत निवळतं.

गोव्याला फेब्रुवारीत जा, मित्र तेव्हाही असतील. आज रात्री आईला फोन करा आणि विचारा, यंदा मैदा किती आणायचा. ती म्हणेल, "तू कशाला, होईल आमचं आम्ही." तीन किलो आणतो म्हणून सांगा, आणि येताना एक नवा कंगवा घेऊन जा.