वय ५८, राहणार अमळनेर. आता स्कायडायव्हिंग शिकता येईल का?

हो भाऊ, नक्की येईल. स्वीडनच्या रूट लार्सन यांनी २०२२मध्ये १०३व्या वर्षी टँडेम, म्हणजे प्रशिक्षकासोबतची, उडी मारली होती. मी साठीत हरियाणातल्या नारनौलला टँडेम केली, त्यावरून सांगतो: प्रशिक्षक पाठीशी बांधलेला असतो, पॅराशूट तोच उघडतो. कस लागतो उतरताना. त्याने सांगितलं की दोन्ही पाय सरळ पुढे उचलून धरायचे, नाहीतर घोटा दुखावतो. महिनाभर बाजेच्या काठावर बसून रोज हेच करा. नारनौलला दिल्लीहून जाता येतं, आणि भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत. मात्र बीपी, हृदय किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि वजनाची मर्यादा उडी घेणाऱ्या केंद्राला बुकिंगआधीच विचारा. एकट्याने उडी मारण्याचा कोर्स टँडेमनंतरच ठरवा. त्यात उतरण्याचा भार आपल्याच गुडघ्यांवर येतो.